पाठांतर, पायवाट आणि लेखणी : रमाबाई डोंगरे यांचे बालपण

एकोणिसाव्या शतकातील मराठी बालपणाचा इतिहास लिहायला बसणाऱ्या अभ्यासकापुढे पहिली अडचण साधनांची उभी राहते. त्या काळची मुले स्वतःविषयी लिहीत नव्हती. जे लिहिले गेले ते मोठेपणी, आठवणीतून आणि कोणत्या तरी वाचकवर्गाला उद्देशून. त्यामुळे बालपणाचे जे चित्र आपल्या हाती येते ते दोनदा गाळून आलेले असते, एकदा स्मृतीच्या आणि एकदा हेतूच्या चाळणीतून. पंडिता रमाबाईंचे बालपण या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. रोजचे जगणे, कुटुंबासह अखंड प्रवास आणि शब्दांवरचे प्रेम या तीन गोष्टी त्या बालपणात इतक्या एकजीव झाल्या आहेत की त्यांतील एक वेगळी काढून दुसरी समजून घेता येत नाही.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ येथील अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचे व्युत्पन्न पंडित. पुण्यात रामचंद्रशास्त्री साठे यांच्याकडे अध्ययन करीत असताना, आपले गुरू पेशव्यांच्या वाड्यात एका स्त्रीला संस्कृत शिकवितात हे त्यांनी पाहिले आणि आपणही पत्नीला शिकवावे असा त्यांनी निश्चय केला. पहिल्या पत्नीच्या बाबतीत घरच्यांच्या विरोधामुळे तो सिद्धीस गेला नाही. तिच्या निधनानंतर यात्रेत असताना गोदावरीकाठी एका यात्रेकरू ब्राह्मणाने आपली नऊ वर्षांची मुलगी त्यांना दिली. तीच रमाबाईंची आई, लक्ष्मीबाई. येथे एक विसंगती नोंदवून ठेवली पाहिजे. स्त्रीशिक्षणासाठी बहिष्काराचे भय पत्करणारा हा पुरुष चव्वेचाळिसाव्या वर्षी नऊ वर्षांच्या मुलीशी विवाह करीत होता आणि त्यात त्याला अथवा समाजाला काही वावगे वाटत नव्हते. समाजाचा आक्षेप होता तो विवाहानंतरच्या शिकविण्याला. स्त्रियांना संस्कृत शिकविणे धर्मबाह्य नाही हे अनंतशास्त्र्यांना शास्त्राधाराने सिद्ध करावे लागले.

अरण्यातील त्या घरी विद्यार्थी आणि अतिथी यांचा राबता असे. त्यांच्या योगक्षेमात मालमत्ता सरली, कर्ज झाले आणि कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. रमाबाई तेव्हा सहा महिन्यांच्या होत्या. वेताच्या मोठ्या पेटीत घालून त्यांना डोंगरावरून खाली आणले गेले. आपले यात्रिक जीवन असे तान्हेपणीच सुरू झाले, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. त्यानंतर सोळाव्या वर्षापर्यंत स्थिर घर असे त्यांना ठाऊकच नव्हते. एका क्षेत्री काही महिने मुक्काम करायचा, नदीत वा तीर्थात स्नान करायचे, देवदर्शन आणि घरच्या देवांची पूजा आटोपून देवळात किंवा सोयीच्या ठिकाणी पुराण सांगायचे, मग पुढचे क्षेत्र गाठायचे, असा त्या कुटुंबाचा क्रम होता. श्रोते फळे, फुले, तांदूळ, पैसे ठेवीत आणि त्यावर पाच माणसांचा संसार चाले : आई, वडील, थोरली बहीण कृष्णाबाई, भाऊ श्रीनिवास आणि रमाबाई.

म्हणजे या घरात पुराण हे धर्मकृत्य होते आणि उपजीविकाही होती. मूल ज्या शब्दांत वाढत होते तेच शब्द संध्याकाळच्या अन्नाची तजवीज करीत होते. भाषेचे मोल इतक्या थेटपणे अनुभवलेली लेखक मराठीत फारशी आढळणार नाही.

रमाबाईंना शिकविले ते आईने. वडील आता थकले होते. साधारण आठव्या वर्षी सुरू झालेले हे शिक्षण पंधराव्या वर्षापर्यंत चालले. दिवसभर स्वयंपाक, पूजा, पुराण आणि येणेजाणे यांत आईला उसंत नसे. म्हणून पहाट होण्यापूर्वी ती मुलीला लाडाने उठवी, मांडीवर घेई आणि पक्ष्यांची किलबिल सुरू होत असताना पाठ म्हणवून घेई. पुस्तक हाती नसे. आईचे ओठ हेच पुस्तक. व्याकरण, कोश, भागवत हे सारे अशा रीतीने मुखोद्गत झाले. संस्कृतखेरीज अन्य विद्या शिकविण्याचा प्रश्न नव्हता, कारण लौकिक शिक्षण मनाला संसाराकडे ओढते आणि इंग्रजी तर म्लेंच्छांची भाषा, अशी घरची धारणा होती.

आजच्या वर्गात ‘घोकंपट्टी’ हा शब्द आपण निंदाव्यंजक म्हणून वापरतो. तो काही अंशी योग्यही आहे. परंतु रमाबाईंच्या संदर्भात पाठांतराचा विचार जरा थांबून करावा लागतो. ज्या कुटुंबाला पाठीवर वाहून नेता येईल तेवढेच सामान बाळगता येते, त्याला ग्रंथसंग्रह परवडत नाही. स्मरणशक्ती हेच त्याचे ग्रंथालय असते. शिवाय हे पाठांतर परीक्षेपुरते नव्हते. ते उद्या कोणत्या तरी अनोळखी गावातील श्रोत्यांपुढे उच्चारायचे होते. वाक्य कोठे थांबवावे, ऐकणाऱ्याचे लक्ष कसे धरून ठेवावे, याचे शिक्षण त्यात आपोआप होत होते. रमाबाईंच्या पुढील मराठी गद्यात समोर श्रोता बसला आहे असे सतत जाणवते, त्याचे मूळ मला येथे दिसते.

मराठी मात्र त्यांना कोणी शिकविली नाही. आईवडिलांची शुद्ध बोली कानांवर पडत होती आणि मराठी वर्तमानपत्रे व पुस्तके वाचनात येत होती, तेवढ्यावर ती आली. कन्नड, हिंदुस्थानी आणि पुढे बंगाली या भाषा प्रवासाने दिल्या. संस्कृत हे आईचे दान आणि देशी भाषा हे वाटेचे दान, अशी ही वाटणी आहे. पुढे ज्या भाषेत त्यांनी आपले महत्त्वाचे प्रवासवर्णन लिहिले ती त्यांना अशी, न शिकविता मिळालेली भाषा होती.

या बालपणाला दुसरी बाजू आहे आणि ती टाळून त्याचे गोडवे गाणे अप्रामाणिकपणाचे होईल. अंगमेहनतीचे काम या घराला ठाऊक नव्हते आणि भिक्षा मागणे कुलाभिमानाला रुचणारे नव्हते. १८७० नंतरच्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा भांडीकुंडी, दागिने, वस्त्रे एकेक करून गेली आणि कुटुंब उपाशी पडले. तिरुपतीजवळच्या रानात पाने खाऊन त्यांनी दिवस काढले. दृष्टी गेलेल्या वडिलांनी जलसमाधीचा विचार केला, तेव्हा श्रीनिवास मोलमजुरी करायला तयार झाला. १८७४ मध्ये वडील गेले आणि पाठोपाठ काही आठवड्यांत आई. मरणासन्न आईने अन्न मागितले म्हणून मुलगी शेजारणीकडे भाकरीचा तुकडा मागायला गेली. असंख्य श्लोक ज्या जिभेवर होते त्या जिभेला ते एक मागणे जड गेले. तुकडा मिळाला, पण आईला तो खाववला नाही. खांदा द्यायला दोनच ब्राह्मण आले. भावासह चौथा खांदा रमाबाईंनी दिला, आणि उंची कमी पडली म्हणून तिरडी डोक्यावर घेतली. पुढे बहीणही पटकीने गेली. भाऊबहीण पायी चालत उत्तरेकडे निघाले. झेलमच्या काठी थंडीपासून बचाव व्हावा म्हणून त्यांनी वाळूत खड्डे केले, त्यांत शिरून गळ्यापर्यंत कोरडी वाळू ओढून घेतली आणि रात्र काढली. १८७८ मध्ये ती दोघे कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या.

हे सारे आपल्याला मुख्यतः दोन ठिकाणांहून कळते. पहिले, १८८७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ‘द हाय-कास्ट हिंदू वूमन’ या पुस्तकाला डॉ. रेचल बॉडली यांनी लिहिलेली प्रस्तावना. आनंदीबाई जोशी ज्या फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकल्या, त्याच्या त्या अधिष्ठाता. दुसरे, १९०७ मध्ये रमाबाईंनी स्वतः लिहिलेले आत्मनिवेदन, ‘अ टेस्टिमनी’. पहिल्यात बालविधवांच्या शाळेसाठी परदेशी सहानुभूती मिळवायची होती. तेथे आईची मांडी, पहाट आणि पक्षी ठळक होतात. दुसरे ख्रिस्ती झालेल्या प्रौढ स्त्रीचे आहे. तेथे निष्फळ व्रते, पाषाणमूर्ती आणि भूक ठळक होतात. यांतील खरे बालपण कोणते, असे विद्यार्थी विचारतात. दोन्ही खरी आहेत असेच उत्तर द्यावे लागते. त्या मुलीने पक्ष्यांची किलबिलही ऐकली आणि रानातील पानेही खाल्ली. मात्र प्रत्येक वेळी कोणासाठी काय निवडले गेले, हे पाहण्याची जबाबदारी वाचकाची आहे.

येथे आणखी एका मुलीची आठवण अपरिहार्य आहे. १८५५ मध्ये, रमाबाईंच्या जन्मापूर्वी तीन वर्षे, पुण्याच्या फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापला गेला. तिच्याजवळ वाडवडिलांची विद्या नव्हती, तीर्थयात्रा नव्हती, पुराण ऐकविण्याचा अधिकार तर नव्हताच. जे ग्रंथ रमाबाईंच्या कुटुंबाला पोसत होते तेच मुक्ताच्या समाजाला दूर लोटत होते आणि हाच प्रश्न तिने विचारला. रमाबाईंना स्वतःचे बालपण सांगायला प्रौढ वय आणि परकी भाषा लागली. मुक्ताने ते लहान वयातच मराठीत, आपल्या हाताने लिहिले. एकीला परंपरेने शब्द दिले, दुसरीला शाळेने. मराठी स्त्रीलेखनाचा आरंभ शिकविताना या दोघींना शेजारी बसविले नाही तर तो इतिहास अर्धाच राहतो.

कौटुंबिक प्रवासाने रमाबाईंच्या लेखणीला काय दिले हे पाहायचे तर १८८९ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ वाचावे. त्याआधी १८८३ मध्ये त्यांचा ‘इंग्लंडचा प्रवास’ प्रसिद्ध झाला होता. योगायोग असा की त्याच सुमारास वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७च्या धामधुमीतील आपल्या प्रवासाच्या आठवणी लिहीत होते. ‘माझा प्रवास’ छापून येण्यास मात्र १९०७ साल उजाडले. रमाबाईंचे आत्मनिवेदनही त्याच वर्षीचे. गोडसे आणि डोंगरे ही दोन्ही घराणी विद्येच्या बळावर द्रव्यार्जन आणि पुण्य यांसाठी वाट तुडविणारी होती. मराठी प्रवासवर्णनाचा उगम शोधताना आपण इंग्रजी नमुन्यांकडे चटकन बोट दाखवितो, पण भिक्षुकांच्या आणि पुराणिकांच्या या पायवाटेकडे पुरेसे पाहत नाही. अमेरिकेतील घरे, शाळा, हवामान आणि स्त्रियांच्या संस्था यांकडे रमाबाई ज्या नजरेने पाहतात ती नवख्या पर्यटकाची नाही. नव्या गावी पोहोचताच येथे कोण कसे जगतो, कोणाला मान मिळतो, कोणाला दाराबाहेर ठेवतात, हे ताडून घेण्याची सवय त्यांना लहानपणापासून होती. तिच्यावर पोट अवलंबून होते.

रमाबाईंची कन्या मनोरमा हिचेही बालपण प्रवासात गेले. १८८१ मध्ये जन्मलेली ही मुलगी दोन वर्षांची असताना आईसह इंग्लंडला गेली. आई चेल्टनहॅम येथे शिकत व शिकवीत असता ती वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींपाशी राहिली. तिच्या वाट्याला आईची मांडी कमी आणि आईची पत्रे अधिक आली. या मायलेकींच्या आणि भगिनींच्या पत्रव्यवहाराचा संग्रह १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाला. या कुटुंबात एका पिढीच्या अंतराने आई आणि मूल यांच्यामधील दुवा आवाजाकडून कागदाकडे सरकला. ज्या मुलीला आईने एकही ओळ लिहून दिली नव्हती, तिला स्वतःच्या मुलीला जवळ ठेवण्यासाठी लिहावे लागले.

लेखनाच्या प्रेमाविषयी आपण बोलतो तेव्हा आवड, छंद, प्रतिभा असे शब्द वापरतो. रमाबाईंच्या बाबतीत ते थोडे अपुरे वाटतात. त्यांच्याकडे शब्द आले ते आईने झोपेतून वेळ काढून दिलेले म्हणून. उतारवयात त्यांनी बायबलचे साध्या मराठीत भाषांतर करण्याचा प्रचंड उद्योग आरंभिला आणि त्यासाठी हिब्रू व ग्रीक या भाषा आत्मसात केल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले आणि ते भाषांतर १९२४ मध्ये छापून आले. ज्या धर्मासाठी आईने त्यांना संस्कृत शिकविले तो त्यांनी सोडला होता. पण एक ग्रंथ हाती घ्यायचा, शब्द शब्द आपलासा करायचा आणि मग न शिकलेल्या माणसाला कळेल असा सांगायचा, हे काम तेच होते, जे त्यांनी देवळांच्या ओवऱ्यांत आईकडून पाहिले होते.