चोरासाठी कालवलं, रोगाला लागू पडलं

मोरचूद, कळीचा चुना आणि पाणी. मोसंबीच्या खोडातून डिंक गळू लागला की शेतकरी या तिन्हींची दाट पेस्ट कालवून खोडाला फासतो. द्राक्षबागाईतदार डाऊनीवर हेच पातळ करून फवारतो आणि कोकणातला बागायतदार पावसाळ्याच्या तोंडावर पोफळीच्या घडांवर मारतो. या बोर्डो मिश्रणाचं नाव फ्रान्समधल्या बोर्डो शहरावरून पडलं. त्याचा जन्म मात्र प्रयोगशाळेत झाला नाही. ते कालवलं गेलं ते द्राक्षं चोरणाऱ्यांसाठी.

गोष्ट सुरू होते आगीतून फुफाट्यात पडण्याने. 1860 च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा नावाच्या किडीने फ्रान्सच्या द्राक्षवेलींची मुळं पोखरायला सुरुवात केली. अमेरिकन वेली या किडीला दाद देत नाहीत हे कळल्यावर त्यांचे खुंट जहाजं भरभरून आणले गेले आणि त्यांवर फ्रेंच वाणांची कलमं बांधली जाऊ लागली. कीड आटोक्यात यायला लागते न लागते तोच, 1878 च्या सुमारास, त्याच अमेरिकन वेलींबरोबर केवडा रोग, म्हणजेच डाऊनी, येऊन थडकला. पानाच्या वरच्या बाजूला तेलकट पिवळे डाग, खाली पांढरी लव आणि मग भर हंगामात सगळी पानगळ. पानंच नाहीत म्हटल्यावर द्राक्षात गोडी कुठून उतरणार?

बोर्डो विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवणारे पिएर मिलार्दे या रोगाच्या मागावर होते. ऑक्टोबर 1882 मध्ये मेडॉक भागातल्या सँ-ज्यूलियाँ इथल्या मळ्यांतून जाताना त्यांना एक विसंगती दिसली. आत सगळ्या वेली बोडक्या, पण रस्त्याकडेच्या वेलींवर हिरवी पानं. एरवी रस्त्यालगतच्या झाडांचेच हाल जास्त. जवळ जाऊन पाहिलं तर पानांवर निळसर-पांढरा थर वाळलेला. मळ्याच्या कारभाऱ्याने उलगडा केला: येणारे-जाणारे द्राक्षं तोडून खातात, म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडतो. रंग पाहून माणसाला वाटावं विष आहे, आणि हात मागे यावा. त्या भागात ही जुनीच रीत होती. फुकट्यांना घालायची भीती रोगालाही बसली होती.

इथून पुढची दोन-अडीच वर्षं मिलार्देंनी प्रयोगांत घालवली. रसायनशास्त्रज्ञ युलिस गायों सोबतीला होते, आणि मळ्याचे कारभारी एर्नेस्ट दावीद यांनी वेली उपलब्ध करून दिल्या. 1885 मध्ये कृती जाहीर झाली: 100 लिटर पाण्यात 8 किलो मोरचूद, 30 लिटर पाण्यात 15 किलो चुना, आणि दोन्ही एकत्र. हा रबडीसारखा घट्ट काला झाडूने वेलींवर शिंपडत असत. पुढे प्रमाण उतरत उतरत 1 टक्क्यावर आलं.

गुण तांब्याचा, हे कोणी आधी पाहिलंच नव्हतं असं नाही. 1807 मध्ये फ्रान्समध्येच बेनेदिक्त प्रेव्हो यांनी नोंदवलं होतं की तांब्याच्या भांड्यातल्या पाण्यात गव्हाच्या काणी रोगाचे बीजाणू रुजत नाहीत. पण नुसता मोरचूद पानं करपवतो. चुन्याने त्याची आम्लता मारली जाते, मिश्रण पानाला चिकटून राहतं आणि तांबं थोडं थोडं सुटत राहतं. चोर फसावा म्हणून घातलेला चुना असा उपयोगी पडला.

भारतात या औषधाला नाव मिळवून दिलं ते सुपारीने. म्हैसूर संस्थानात शास्त्रज्ञ लेस्ली कोलमन यांनी 1910 च्या आसपास पोफळीची फळं कुजवणाऱ्या कोळेरोगावर बोर्डोची फवारणी रूढ केली.

घरच्या कुंड्यांसाठी 100 ग्रॅम मोरचूद आणि 100 ग्रॅम कळीचा चुना घ्यावा. प्लास्टिकच्या दोन बादल्यांत प्रत्येकी 5 लिटर पाण्यात ते वेगवेगळे विरघळवावेत, चुन्याचं पाणी गाळून घ्यावं आणि दोन्ही धारा एकाच वेळी तिसऱ्या बादलीत सोडून काठीने ढवळत राहावं. लोखंडी भांडं घेऊ नये. मग लोखंडी चाकूचं पातं मिनिटभर बुडवून बाहेर काढावं. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, थोडा आणखी घालावा. पातं स्वच्छ निघालं तर मिश्रण तयार. ते त्याच दिवशी संपवावं, शिळं झालं की गुण जातो. हातमोजे घालावेत, तोंडाला फडकं बांधावं.

मात्र स्वस्त आहे म्हणून उठसूट मारू नये. तांबं कुजत नाही, जमिनीत साठत जातं. म्हणूनच युरोपीय संघाने शेतात तांब्याच्या वापरावर सात वर्षांत हेक्टरी 28 किलोची मर्यादा घातली आहे. रोग येण्याच्या आधी, पावसाळ्याच्या तोंडावर एखादी फवारणी पुरेशी. पानं काळी पडून गळायला लागल्यावर बादली शोधण्यात अर्थ नाही, कारण बोर्डो रोग रोखतं, बरा करत नाही.