भिंतीतली खिडकी

एकलव्य गुरूवाचून शिकला असे आपण म्हणतो खरे. परंतु समोर मातीचा का होईना, गुरू त्यालाही लागला होता. दिल्लीतील एका भिंतीचा इतिहास वाचताना ही महाभारतातली गोष्ट वारंवार आठवते.

जानेवारी १९९९ मध्ये कालकाजी येथे, एन. आय. आय. टी. या संगणक-शिक्षण देणाऱ्या कंपनीच्या कचेरीची झोपडवस्तीकडील भिंत फोडून तीत इंटरनेटला जोडलेला एक संगणक बसविण्यात आला. कल्पना डॉ. सुगत मित्र यांची. शिकविणारा नाही, फी नाही, छडी तर नाहीच! पोरे जमली आणि यंत्राशी खेळता खेळता ते चालवू लागली. पडद्यावरच्या बाणाला त्यांनी नाव दिले ‘सुई’. आणि ‘थांबा’ म्हणून सांगणारी वाळूची घटिका झाली शंकराचा ‘डमरू’. इंग्रजी शब्द नव्हते, तर मुलांनी आपले घडविले. साऱ्या प्रयोगात मला हेच सर्वांत मोलाचे वाटते.

जगभर कौतुक झाले. विकास स्वरूप यांना २००५ च्या आपल्या कादंबरीची प्रेरणा येथूनच मिळाली. तिच्यावर पुढे ‘स्लमडॉग मिलियनेअर’ हा चित्रपट निघाला. पण मार्क वॉर्शाउअर या अभ्यासकाला दिल्लीतल्या अशाच एका केंद्रावर इंटरनेट क्वचितच चालताना आढळले. हिंदीत वाचण्याजोगे काही नव्हते, आणि मुले बहुधा चित्रे काढीत वा खेळ खेळत. पायल अरोरा अल्मोड्याकडे गेल्या, तेव्हा तिथली केंद्रे बंद पडलेली होती. जिथे मास्तर पोहोचत नाही तिथे यंत्र पाठवून मोकळे व्हावे, हा मोह सरकारला स्वस्तात पडतो. पोरांना तो महागात पडतो.

मित्रांचा पुढचा प्रयोग म्हणूनच अधिक बोलका आहे. दक्षिणेत कालिकुप्पम गावी तमिळ मुलांपुढे त्यांनी इंग्रजीतून जीवशास्त्र ठेवले. आपल्या आपण शिकून मुले शेकडा तीस गुणांच्या आसपास आली. मग मुलांच्या ओळखीची एक तरुणी त्यांच्या मागे उभी राहिली. विषय तिलाही येत नव्हता. तिने फक्त आजीसारखे विचारायचे, ‘अगबाई, हे कसे रे केलेस?’ गुण पन्नाशीला पोहोचले! २००९ पासून तर इंग्लंडमधील निवृत्त शिक्षिका आणि खऱ्याखुऱ्या आज्या पडद्यावरून भारतातील मुलांशी गप्पा मारू लागल्या.

२०१३ मध्ये मित्रांना दहा लाख डॉलरांचे टेड पारितोषिक लाभले व त्यातून सात केंद्रे निघाली. एक आपल्या फलटणला, मॅक्सीन बर्नसन यांनी उभारलेल्या प्रगत शिक्षण संस्थेत. एक खुद्द कालकाजीत. मात्र या खेपेस रस्त्याकडच्या भिंतीत नव्हे, तर सरकारी कन्याशाळेच्या आत.