एकाच गवताची दोन नावं, आणि एकाच नावाची दोन गवतं

पुण्या-मुंबईत ज्यांनी ससा पाळलाय त्यांना 'टिमोथी' ठाऊक असतं. पाकिटात मिळणारं सुकं गवत, बऱ्यापैकी महाग. शास्त्रीय नाव फ्लीयम प्राटेन्स. कणीस बाजरीच्या कणसासारखं, फक्त बोटापेक्षाही बारीक. मूळ युरोपातलं. अमेरिकेत पोचलं ते तिथं येऊन वसलेल्या युरोपियन लोकांबरोबर.

आता गंमत बघा. 18 व्या शतकात कनेक्टिकटमध्ये जेरेड एलियट नावाचे एक पाद्री होते. शेतीचा नाद, त्यावर निबंधही लिहायचे. त्यांनी बेंजामिन फ्रँकलिनला नव्या, गुणी गवताचं बी दिलं. नाव 'हर्ड-ग्रास'. फ्रँकलिनने ते पेरलं आणि 1747 मध्ये एलियटना कळवलं की तुमची काहीतरी चूक झालेली दिसते, उगवलं ते नुसतं टिमोथीच!

चूक कुणाचीच नव्हती. न्यू इंग्लंडचं हर्ड-ग्रास म्हणजेच पेनसिल्व्हेनियाचं टिमोथी. पुढे एलियटनी आपल्या निबंधात दोन्ही नावं शेजारी-शेजारी नोंदवली. पिस्काटाक्वा भागातल्या दलदलीत हर्ड नावाच्या माणसाला हे गवत सापडलं आणि त्याने ते वाढवलं, असंही लिहिलं.

मग टिमोथी कोण? सांगतात की टिमोथी हॅन्सन नावाच्या शेतकऱ्याने हे बी दक्षिणेकडच्या वसाहतींत नेलं. ही कथा जवळपास प्रत्येक पुस्तकात भेटते, म्हणून ती आपोआप पुरावा ठरत नाही. फ्रँकलिनचं पत्र मात्र त्याच काळातलं आहे. त्यातला 'नुसतं' हा तुच्छतेचा सूर मला फार मोलाचा वाटतो. 1747 पर्यंत टिमोथी हे नाव फिलाडेल्फियात इतकं रुळलं होतं की कुणी ते भेट दिलं तर हिरमोड व्हावा! हे वाक्य काही गवताचा इतिहास सांगायला लिहिलेलं नाही, म्हणून त्यावर माझा विश्वास जास्त बसतो.

खरी पंचाईत पुढेच आहे. पेनसिल्व्हेनिया आणि दक्षिणेकडच्या राज्यांत 'हर्ड्स ग्रास' हे नाव पुढे भलत्याच गवताला चिकटलं: रेडटॉप, म्हणजे ॲग्रोस्टिस प्रजातीतलं. त्यामुळे जुन्या हिशेबवहीत 'हर्ड्स ग्रासचं बी' दिसलं, तर वही कुठली हे पाहिल्याशिवाय पीक ठरवता येत नाही. मी सुरुवातीला माझ्या तक्त्यात सगळं एकाच रकान्यात भरलं होतं. बेरीज सुरेख आली, पण ती दोन वेगळ्या गवतांची होती. आठवड्याचं काम पुन्हा करावं लागलं. आता तीन रकाने ठेवते: कागदावरचा शब्द जसाच्या तसा, ठिकाण, आणि शेवटी माझा अंदाज.

बरं, लिनियसने 1753 मध्ये लॅटिन नाव दिलं म्हणून प्रश्न सुटला का? शास्त्रज्ञांपुरता सुटला. 1911 मध्ये लंडनमध्ये लिओनार्ड नून यांनी परागकणांच्या ॲलर्जीवर टोचून द्यायचा उपचार मांडला, तो याच फ्लीयमच्या परागांपासून केलेला. त्यांचा लेख वाचताना गवत कोणतं, हा प्रश्नच पडत नाही. पण बी विकणारा आणि घेणारा लॅटिन कशाला बोलेल? इंग्लंडमध्ये तर हे गवत 'कॅट्स टेल' म्हणून कुरणांत आधीपासूनच उगवत होतं, आणि 1760 च्या दशकात तेच अमेरिकेहून 'टिमोथी' म्हणून, नवं बियाणं म्हणून, परत आलं. त्यामुळे इंग्लंडच्या कागदांसाठी मला रकान्यांची हीच कसरत पुन्हा पहिल्यापासून करावी लागतेय.