"मावशी, हिचं बॉनेट कुठं गेलं?" : हॉट रॉडचा इतिहास, एका मुलाच्या प्रश्नावरून

१/
गेल्या रविवारी माझ्या आठ वर्षांच्या भाच्याने खेळण्यातली एक मोटार माझ्या हातात ठेवली. मागची चाके मोठी, पुढची लहान. छप्पर दाबून बसवल्यासारखे. पुढे जाळीच्या जागी कवटी आणि इंजिन चक्क उघडे. "मावशी, हिचं बॉनेट कुठं गेलं?" इतिहासात एम. ए. करणाऱ्या मावशीला उत्तर देता आले नाही. आजचा धागा म्हणजे ते उशिरा सापडलेले उत्तर आहे.

२/
ती मोटार म्हणजे हॉट व्हील्सची 'बोन शेकर'. आरेखक लॅरी वूड यांनी घडवलेले हे खेळणे २००६ मध्ये बाजारात आले. तिच्या आकारामागे मात्र खरी परंपरा आहे, ती 'हॉट रॉड'ची. जुनी, स्वस्त मोटार घ्यायची, तिच्यावरचे अनावश्यक ते सारे उतरवायचे, इंजिन सुधारायचे आणि ती वेगासाठी नव्याने उभी करायची. हा शब्द दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास रूढ झाला. छंद त्याहून जुना आहे.

३/
प्रारंभ होतो फोर्डच्या 'मॉडेल टी'पासून. १९०८ ते १९२७ या काळात अशा दीड कोटींहून अधिक मोटारी तयार झाल्या. शक्ती जेमतेम २० अश्वशक्ती, कमाल वेग ताशी ६५-७० किलोमीटर. परंतु तिची रचना इतकी साधी होती की घरातल्या हत्यारांनी ती उघडता येई आणि पुन्हा जोडताही येई. १९२९ नंतरच्या महामंदीत या मोटारी कवडीमोलाने मिळू लागल्या. दक्षिण कॅलिफोर्नियातील पोरांच्या हाती पैसा नव्हता, पण भंगारबाजार होता. हवाही अशी की वर्षाचे बाराही महिने मोटार बाहेर काढावी.

४/
१९३२ मध्ये फोर्डने सामान्यांना परवडेल असे व्ही-८ इंजिन आणले. आठ सिलिंडर, ६५ अश्वशक्ती. तोवर आठ सिलिंडरचे व्ही-८ इंजिन ही श्रीमंतांच्या मोटारींची चैन होती. फोर्डची ही नवी उघडी रोडस्टर मात्र ४६० डॉलरपासून मिळे. मंदीच्या काळात तेवढेही पैसे या पोरांकडे नव्हते. ती थांबली. काही वर्षांनी त्याच मोटारी वापरून, आपटून, निम्म्याहून कमी दरात त्यांच्यापर्यंत पोहोचल्या. हॉट रॉडच्या जगात १९३२ च्या फोर्डला आजही 'ड्यूस' म्हणतात, पत्त्यांतील दुर्रीवरून.

५/
वेग आजमावायचा कुठे? लॉस एंजेलिसच्या उत्तरेला मोहावी वाळवंटात म्युरॉक, रोझामंड, हार्पर, एल मिराज असे कोरडे तलाव आहेत. पावसाळी दिवसांत त्यांत उथळ पाणी साचते, गाळ समतल होतो आणि उन्हाने तडकून फरशीसारखा टणक बनतो. मैलोन्‌मैल सपाट जमीन, ना झाड ना खड्डा. पोरे शनिवारी रात्री निघत, तलावाकाठी मुक्काम करीत आणि पहाटे वारा पडलेला असताना मोटारी सोडत.

६/
या चित्रात रम्यता आहे, तसे मरणही आहे. सुरुवातीच्या काळात अनेक मोटारी एका ओळीत एकदम सुटत. पुढच्या मोटारीने उडवलेल्या धुळीत मागच्या चालकाला समोरचे काही दिसत नसे. अपघात होत, माणसे दगावत. अखेर १९३७ मध्ये वेगवेगळ्या क्लबांनी एकत्र येऊन 'सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन' स्थापन केली. एका वेळी एकच मोटार, शर्यत घड्याळाशी, आणि धावण्यापूर्वी मोटारीची तपासणी. हे नियम वरून लादलेले नव्हते. ते या तरुणांनी स्वतःच स्वतःला घालून घेतले होते.

७/
आता भाच्याच्या प्रश्नाकडे येऊ.
मडगार्ड का नाहीत? वजन घटते आणि वाऱ्याचा अडथळाही.
छप्पर खाली का? वाऱ्यासमोर येणारे अंग लहान व्हावे म्हणून.
मागची चाके मोठी का? इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत मोठे चाक अधिक अंतर कापते; शिवाय मोटार उसळी घेते तेव्हा भार मागे सरकतो, तिथे जमिनीवरची पकड महत्त्वाची ठरते.
आणि बॉनेट? वजन, उष्णता आणि सतत हात घालावा लागणारे इंजिन, ही तीन कारणे. चौथे कारण असे की इंजिनावर एकाऐवजी दोन-तीन कार्ब्युरेटर बसवले की बॉनेट मिटतच नाही!

८/
कार्ब्युरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करून इंजिनाला भरवणारा भाग. लॉस एंजेलिसमध्ये गॅरेज चालवणाऱ्या विक एडेलब्रॉक यांनी १९३८ मध्ये आपल्या ड्यूससाठी दोन कार्ब्युरेटर बसतील अशी एक नळीरचना तयार केली. तिचे नाव 'स्लिंगशॉट', अर्थात गोफण. इतरांनी ती पाहिली, मागितली, आणि स्वतःच्या मोटारीसाठी बनवलेला तो सुटा भाग पुढे विक्रीची वस्तू झाला. मोटारींच्या सुधारित सुट्या भागांचा मोठा उद्योग अशाच गॅरेजांतून वाढला.

९/
मग युद्ध आले. तलावांवरील शर्यती थांबल्या, म्युरॉक लष्कराकडे गेले (आजचा एडवर्ड्स हवाई तळ तो हाच) आणि शर्यत खेळणारी मुले निरनिराळ्या आघाड्यांवर विखुरली. या काळात व्हेडा ऑर या महिलेने एक वार्तापत्र चालू ठेवले. त्या स्वतः कोरड्या तलावांवर मोटार हाकणाऱ्या, टायमिंग असोसिएशनच्या पहिल्या महिला सदस्य. कोण कुठे आहे, कोणाची मोटार कोणत्या स्थितीत आहे, अशी खबर त्या समुद्रापारच्या सैनिकांना पाठवीत राहिल्या. सैनिक परतले तेव्हा त्यांची बिरादरी शाबूत होती, याचे पुष्कळसे श्रेय या टपालाला आहे.

१०/
परतलेल्या तरुणांच्या हाती आता लष्करात शिकलेले यंत्रज्ञान होते आणि थोडा पैसाही. हॉट रॉड झपाट्याने वाढले. तलाव मात्र दूर होते. त्यामुळे शर्यती शहरांच्या रस्त्यांवर येऊन ठेपल्या. अपघात वाढले, वर्तमानपत्रांतून टीकेची झोड उठली आणि 'हॉट रॉडवाला' म्हणजे गुंड असे समीकरण रूढ होऊ लागले. टीका सर्वस्वी खोटी नव्हती. रस्त्यावरच्या शर्यतीत जीव जात होते, आणि ते केवळ शर्यत लावणाऱ्यांचेच नव्हते.

११/
यावर उपाय काय? जानेवारी १९४८ मध्ये लॉस एंजेलिसच्या नॅशनल गार्ड आर्मरीत हॉट रॉडचे प्रदर्शन भरले. हेतू असा की लोकांनी या मोटारी जवळून पाहाव्यात, त्यांतील कारागिरी ओळखावी. त्याच वेळी रॉबर्ट पीटरसन आणि रॉबर्ट लिंडसे या दोन तरुणांनी 'हॉट रॉड' मासिकाचा पहिला अंक विक्रीस आणला. किंमत २५ सेंट. गॅरेजात तोंडी चालणारी विद्या आता छापील रूपात देशभरच्या मुलांपर्यंत जाऊ लागली.

१२/
१९५१ मध्ये वॉली पार्क्स यांच्या पुढाकाराने 'नॅशनल हॉट रॉड असोसिएशन' उभी राहिली. १९५३ मध्ये पोमोना येथील जत्रेच्या मैदानाच्या पार्किंगमध्ये तिची पहिली अधिकृत शर्यत झाली. अंतर पाव मैल, म्हणजे सुमारे ४०० मीटर. या कामात पुढे असलेले बड कून्स हे पोमोनाच्याच पोलीस दलातील सार्जंट होते! १९५४ मध्ये त्यांच्यासह चौघांचे एक पथक मोटार आणि ट्रेलर घेऊन देशभर हिंडले. गावोगावी जाऊन सुरक्षित शर्यत कशी भरवावी, हे त्यांनी शिकवले. एका पोलिसाने पोरांना रस्त्यावरून हटवले ते असे, त्यांना धावायला दुसरी जागा मिळवून देऊन.

१३/
अशी जागा मिळाली तर काय होऊ शकते, याचे एक उदाहरण. लॅरी शिनोडा, जन्म १९३०, लॉस एंजेलिस. बारा वर्षांचा असताना, केवळ जपानी वंशाचा म्हणून, त्याला मॅन्झनारच्या छावणीत बंदिस्त केले गेले. युद्धकाळात अशा सुमारे १ लाख २० हजार जणांना अमेरिकेने छावण्यांत डांबले होते. सुटल्यावर हा मुलगा हॉट रॉड बांधू लागला. १९५५ मध्ये कॅन्सस राज्यातील ग्रेट बेंड येथे असोसिएशनची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, तीत तो आपल्या गटात जिंकला. पुढे जनरल मोटर्समध्ये १९६३ च्या कॉर्व्हेट स्टिंग रेच्या आरेखनात त्याचा मोठा वाटा होता. ज्या देशाने त्याला कुंपणाआड ठेवले, त्याच देशाच्या सर्वांत देखण्या मोटारींपैकी एकीवर त्याच्या हाताची छाप आहे.

१४/
आणि जी मुले मोटार चालवण्याच्या वयाची नव्हती, ती? दक्षिण कॅलिफोर्नियातीलच मॅनहॅटन बीच येथे डॉन मर्फी नावाचे एक गृहस्थ राहत. त्यांच्या दहा वर्षांच्या मुलाला उतारावरून बिनइंजिनाच्या गाड्या सोडण्याच्या 'सोप बॉक्स डर्बी'त वयामुळे प्रवेश नव्हता. मर्फींनी १९५३ मध्ये स्काउट पथकातील मुलांसाठी नवी स्पर्धा काढली: पाइनच्या लाकडाचा एक ठोकळा, चार चाके, दोन आस, कोरा, रंगवा आणि उतारावर सोडा. 'पाइनवूड डर्बी' अमेरिकेत आजही खेळली जाते. ठोकळा मुलाने कोरायचा, वडिलांनी शेजारी बसायचे, हा तिचा गाभा.

१५/
पुढे प्लॅस्टिकचे जुळणी संच आले. ड्यूसचे इवले इंजिन, इवले कार्ब्युरेटर गोंदाने चिकटवताना मुलांना कोणता भाग कुठे बसतो ते कळू लागले. १९६८ मध्ये मॅटेलने हॉट व्हील्स आणली. पहिल्या सोळा मोटारींत एड रॉथ यांच्या खऱ्याखुऱ्या 'बीटनिक बँडिट'ची प्रतिकृती होती. या खेळण्यांचे आस बारीक पोलादी तारेचे असत, म्हणून त्या इतर खेळण्यांपेक्षा सुसाट पळत. मुलांना आकारासोबत वेगही मिळाला. आपल्या घरच्या खेळण्यांच्या डब्यात तो आकार येऊन पडला, तो या वाटेने.

१६/
आता एक पेच. १९९७ मध्ये पेबल बीच या प्रतिष्ठित मोटार-प्रदर्शनाने प्रथमच हॉट रॉडसाठी स्वतंत्र गट ठेवला. २०१४ मध्ये अमेरिकी टपाल खात्याने ड्यूसची तिकिटे काढली. एकेकाळी हेटाळलेली वस्तू वारसा ठरली, हे उत्तमच झाले. पण वारसा ठरताच तिच्याभोवती दोरी येते आणि 'हात लावू नये' अशी पाटी लागते. ज्या मोटारीचा जन्मच दुसऱ्याने बनवलेल्या वस्तूला बेधडक हात लावण्यातून झाला, तिच्याजवळ मुलाला हात मागे बांधून उभे करायचे का?

१७/
मला वाटते, या इतिहासातून मुलांना द्यावी अशी गोष्ट मोटारीपेक्षा मोठी आहे: यंत्र उघडून पाहण्याची मुभा, आणि ती देताना शेजारी बसणारे मोठे माणूस. एडेलब्रॉक, व्हेडा ऑर, सार्जंट कून्स, मर्फी या साऱ्यांनी आपापल्या परीने हेच दिले.
एक इशाराही. आपल्याकडे मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनाच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत. सायलेन्सर कापून रात्री गल्ली दणाणून सोडणे म्हणजे हॉट रॉडची परंपरा पुढे नेणे नव्हे. म्युरॉकच्या पोरांनी धुळीत मित्र गमावून नियम शिकले. आपल्याला ते फुकट मिळाले आहेत.

१८/
काल संध्याकाळी भाच्याला आमच्या कोपऱ्यावरच्या गॅरेजात घेऊन गेले. काकांकडे एक जुनी मारुती ८०० दुरुस्तीला आली होती, कार्ब्युरेटरच्या काळातली. मी विचारले, "काका, याला जरा इंजिन दाखवता का?" त्यांनी बॉनेट वर केले, हात पुसले आणि पोराला स्टुलावर उभे केले. "हात लाव, गार आहे. हा बघ कार्ब्युरेटर. इथनं हवा आत जाते." पुढची वीस मिनिटे मावशीची कुणालाच आठवण नव्हती.

१९/
घरी येताना तो म्हणाला, "आता कळलं बॉनेट कुठं गेलं. सारखं सारखं उघडायला लागतं, म्हणून काढूनच ठेवलं." सातव्या क्रमांकात मी चार कारणे दिली आहेत. त्यांतले एक त्याने स्वतः शोधले.

तुमच्या घरी असा प्रश्न विचारणारे कोणी असेल, तर हा धागा त्याला वाचून दाखवा. आणि जमल्यास एखादे बंद पडलेले घड्याळ, मिक्सर किंवा सायकल त्याच्यासोबत उघडून बसा. विजेची वस्तू असेल तर आधी प्लग काढा, एवढे मात्र विसरू नका.

धागा समाप्त. काही चुकले असल्यास अवश्य कळवा.