रक्तातील लोह आणि लोहचुंबक

सुरत जिल्ह्यातील कामरेज हे तापीकाठचे जुने गाव. मुंबई-अहमदाबाद हमरस्ता तेथूनच जातो, आणि मांडवीकडील आदिवासी मुलखातून सुरतेच्या इस्पितळांकडे निघालेली पुष्कळ माणसे याच नाक्यावरून पुढे जातात. तेथील चौधरी, गामीत, वसावा या जमातींत सिकलसेलचा रक्तदोष पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. अशाच एका घरच्या पक्षकाराने मागे मला विचारले, “साहेब, मुलाला एम.आर.आय. करावयास सांगितले आहे. त्या यंत्रात प्रचंड लोहचुंबक असतो म्हणे. रक्तात तर लोह. ते ओढले जाणार नाही काय?”

प्रश्न भाबडा वाटेल. पण तो थोरामोठ्यांनाही पडलेला आहे.

लोहचुंबक आपल्या वैद्यकास नवा नाही. शरीरात रुतलेले लोखंडी शल्य काढण्यासाठी सुश्रुतसंहितेत अयस्कांताचा उपयोग सांगितला आहे. परंतु शल्याचे लोह निराळे, रक्ताचे निराळे. १८४५ साली मायकेल फॅरडे यांनी रक्त चुंबकाजवळ धरून पाहिले. लोह असूनही ते ओढले गेले नाही. याचा उलगडा १९३६ मध्ये अमेरिकेत लायनस पॉलिंग व चार्ल्स कोरिएल यांनी केला. प्राणवायू धारण केलेले हिमोग्लोबिन चुंबकापासून किंचित दूर लोटले जाते आणि प्राणवायू सोडलेले किंचित ओढले जाते. दोन्ही बळे अत्यंत क्षीण. पुढे १९९० मध्ये सेइजी ओगावा यांनी याच फरकाच्या आधारे मेंदूचे व्यापार चित्रात टिपण्याची वाट दाखविली.

तथापि त्या मुलाचे रक्त सर्वसामान्य नव्हते, आणि खरा वाद येथेच आहे. १९६५ मध्ये माकिओ मुरायामा यांना असे दिसले की, प्राणवायू गमावून कोयत्यासारख्या वाकलेल्या पेशी ०.३५ टेस्लाच्या चुंबकक्षेत्रात त्या क्षेत्राला काटकोनात वळतात. आज इस्पितळांतील यंत्रे बहुधा १.५ किंवा ३ टेस्लांची असतात. यांतील लहान यंत्राचे क्षेत्रसुद्धा पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे तीस हजार पट. तेव्हा अशा पेशी आडव्या होऊन सूक्ष्म रक्तवाहिन्या तुंबतील, ही भीती निराधार नव्हती. पण मुरायामांच्या पेशी स्थिर द्रवात होत्या. १९८८ मध्ये जिवंत शरीरातील रक्तप्रवाह तपासला, तेव्हा तो खुंटलेला आढळला नाही. उलट सिकलसेलच्या मुलांच्या मेंदूला नकळत झालेली इजा आज याच यंत्राने ओळखली जाते.

पांढऱ्या पेशींचे प्रकरण मात्र अद्याप मिटलेले नाही. तपासणीनंतर त्यांच्यातील आनुवंशिक द्रव्यास इजा झाल्याचे काहींना आढळले, काहींना आढळले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगसंशोधन संस्थेने २००२ साली स्थिर चुंबकक्षेत्रांसंबंधी, वर्गीकरण करण्याइतका पुरावा नाही, एवढेच म्हटले. आरोप शाबीत न होणे आणि आरोपी निष्कलंक ठरणे यांतील अंतर आम्हा वकिलांस चांगले ठाऊक आहे. तरीपण असल्या संशयापायी डॉक्टरांनी आवश्यक ठरविलेली तपासणी टाळणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

खरा धोका आहे तो सुश्रुताच्या शल्याचाच. डोळ्यात शिरलेला लोखंडाचा कीस त्या खोलीत हलू शकतो. मी पक्षकारास म्हटले, “सिकलसेल आहे हे आधी सांगा, आणि मुलाच्या अंगात वा अंगावर काही धातू आहे काय, तेही.” तो थोडा थांबून म्हणाला, “कमरेच्या दोऱ्यात आजीने लोखंडी कडे ओवले आहे.” ते काढावयास आजी तयार होईल काय, याचीच मग त्याला चिंता लागली.