होडी उलटल्यावर पुन्हा चढता आले पाहिजे
जलाशयातील मासेमारी आणि सुरक्षितता

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याची ओळख अवर्षणप्रवण म्हणून असली, तरी या जिल्ह्याला मोठ्या जलाशयांचा वेढा आहे. अकोले तालुक्यात प्रवरेवर १९२६ साली पूर्ण झालेले भंडारदरा धरण आहे, त्याच्या खाली निळवंडे, तर राहुरीजवळ २६ टीएमसी साठवणक्षमतेचे मुळा धरण. नेवासे व शेवगाव तालुक्यांना जायकवाडीच्या नाथसागराचा फुगवटा भिडतो आणि दक्षिणेस कर्जतच्या सीमेवर उजनीचे पाणी पसरते. या सर्व ठिकाणी मासेमारी चालते. तिच्यासाठी लाकडी वा फायबरच्या होड्यांबरोबरच थर्माकोलचे तराफे आणि ट्रकच्या ट्यूबही वापरल्या जातात. अलीकडे शहरी हौशी गळकऱ्यांना प्लास्टिकच्या कयाकचेही आकर्षण वाटू लागले आहे. साधने निरनिराळी असली, तरी एक गोष्ट समान आहे. ती सर्व हलकी, अरुंद आणि सहज उलटणारी आहेत.

मे २०२४ चा धडा

२१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात कुगाव (ता. करमाळा) ते कळाशी (ता. इंदापूर) या मार्गावर वादळी वाऱ्यात प्रवासी होडी उलटली. सहा जणांचा मृत्यू झाला; एक जण पोहत काठाला लागला. दोनच दिवसांनी, २३ मे रोजी, अकोले तालुक्यातील सुगाव येथे प्रवरेत बुडालेल्या तरुणाचा शोध घेताना राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली आणि दलाच्या तीन जवानांना प्राण गमवावे लागले. प्रशिक्षित जवानांवर अशी वेळ येऊ शकते, तर हौशी माणसाने पाण्याला गृहीत धरता कामा नये.

या दलाची पथके धुळे व नागपूर येथे असतात. तेथून मदत पोहोचण्यास काही तास लागतात, बुडण्यास मात्र काही मिनिटे पुरतात. म्हणूनच उलटलेल्या होडीवर स्वतःच्या बळावर, किंवा सोबत्याच्या मदतीने, पुन्हा चढता येणे हेच खरे संरक्षण ठरते.

होडी का उलटते?

बहुतेक वेळा कारण साधे असते. मासा ओढताना एका बाजूला झुकणे, मागे ठेवलेली वस्तू घेण्यासाठी वळणे, गळ टाकण्यासाठी उभे राहणे किंवा जाळे एकाच कडेवरून उचलणे, यामुळे शरीराचा भार मध्यरेषेबाहेर जातो. नांगर बाजूला बांधणेही तितकेच घातक आहे. वारा किंवा प्रवाह वाढताच दोरी ताणली जाते आणि ती कड पाण्याखाली खेचली जाते. नांगर नेहमी पुढच्या किंवा मागच्या टोकाला बांधावा, दोरी झटक्यात सोडता यावी आणि हाताशी सुरी असावी.

दुसरे कारण वाऱ्याचे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर वळवाचे ढग दाटतात आणि पावसाआधी सोसाट्याचा वारा सुटतो. नाथसागर व उजनी यांसारख्या पसरट जलाशयांवर वाऱ्याला कित्येक किलोमीटर मोकळे पाणी मिळते आणि अल्पावधीत लाटा उसळतात. म्हणून या दिवसांत पहाटे निघून दुपारपूर्वी काठाला लागणे श्रेयस्कर.

पुन्हा कसे चढावे?

पाण्यात पडताच श्वास अनियंत्रित होतो. भंडारदऱ्याच्या हिवाळी गार पाण्यात हे अधिक जाणवते. पहिला मिनिटभर केवळ तरंगावे, श्वास स्थिर करावा. पण होडी सोडू नये. रिकामी होडी वाऱ्याने पोहणाऱ्यापेक्षा वेगाने दूर जाते. अंगाभोवती तंगूस किंवा जाळे गुंतले आहे का, हे पाहून ते आधी कापावे.

बंद पोकळ रचनेच्या, वर बसण्याच्या कयाकमध्ये आत शिरलेले पाणी तळाच्या छिद्रांतून आपोआप निघून जाते. त्यामुळे हौशी मासेमारीसाठी ती अधिक सोयीची. ती उलटल्यास मध्यभागी एका बाजूला यावे, तळावरून हात टाकून पलीकडची कड किंवा तळातील छिद्र पकडावे, गुडघे अलीकडच्या कडेला टेकवावेत आणि शरीराचा भार मागे टाकून ती सरळ करावी.

त्यानंतरचा क्रम तीन शब्दांत सांगता येतो : पोट, बैठक, पाय. दोन्ही हातांनी पलीकडची कड धरून पाय मागे पृष्ठभागावर आणावेत, म्हणजे शरीर आडवे होते. मग जोराने पाय मारत कयाक स्वतःखाली ओढावी आणि पोटावर आडवे पडावे. उभ्याने वर चढण्याचा प्रयत्न केल्यास पाय होडीखाली जातात आणि ती पुन्हा उलटते. पोट मध्यरेषेवर आले, की वळून बैठकीवर बसावे आणि शेवटी पाय आत घ्यावेत. हातांत बळ कमी असल्यास कडेला बांधलेल्या दोरीच्या रिकिबीत पाय अडकवून चढता येते. दुसरी होडी जवळ असेल, तर सोबत्याने समांतर येऊन विरुद्ध बाजूची कड घट्ट धरावी.

उघड्या होडीचे गणित वेगळे आहे. ती पाण्याने भरते आणि बाजूने चढू पाहणाऱ्यासह पुन्हा कलंडते. बैठकीखाली थर्माकोल किंवा हवाबंद पिंपे घट्ट बांधलेली असतील, तर ती तरंगत राहते. अशा वेळी मागच्या टोकाकडून चढावे, अथवा तिला धरून मदतीची वाट पाहावी. काठ जवळ दिसतो म्हणून होडी सोडून पोहत निघू नये. पाण्यावरून अंतराचा अंदाज चुकतो. थर्माकोलच्या तराफ्याला भोवताली दोरी बांधलेली नसेल, तर ओल्या हातांना पकड मिळत नाही. ही दोरी अल्प खर्चात बांधता येते.

सराव कसा करावा?

हे वाचून जमणारे काम नाही. सराव छातीभर पाण्यात, गाळ नसलेल्या तळावर, अनुभवी सोबत्यासह सुरू करावा. प्रथम रिकाम्या होडीवर, मग मासेमारीच्या नेहमीच्या कपड्यांत व जॅकेट घालून, त्यानंतर सामानासह. गळ मात्र सरावात नकोत. जॅकेटच्या फुगीर भागामुळे पोटावर चढणे अवघड जाते, हे सरावातच कळते. दमल्यावरही चढता येते का, हे पाहावे. लागोपाठ प्रयत्न करूनही जमत नसेल, तर खोल पाण्यात एकट्याने जाऊ नये. प्रत्येक हंगामाच्या प्रारंभी ही उजळणी व्हावी.

जॅकेट अंगावरच हवे

बैठकीखाली ठेवलेले जॅकेट संकटात घालता येत नाही. ते मापाचे असावे. खांद्याच्या पट्ट्या वर ओढल्यास हनुवटीपर्यंत सरकता कामा नये. शिटी जॅकेटला, वल्हे होडीला दोरीने बांधलेले आणि मोबाइल जलरोधक पिशवीत अंगावर असावा. कुठे जात आहोत व केव्हा परतणार, हे घरी सांगून जावे. धरणाची भिंत, सांडवा, विमोचकाचा परिसर आणि नदीवरील बंधारे यांपासून दूर राहावे. बंधाऱ्याखाली उलट फिरणारे पाणी जॅकेट घातलेल्या माणसालाही अडकवून ठेवते. राज्यातील जलाशयांतील मासेमारीचे हक्क प्रायः सहकारी संस्थांना ठेक्याने दिले जातात. त्यामुळे गळ टाकण्यापूर्वी परवानगी घेणे आवश्यक आहे.

बुडालेल्यास बाहेर काढल्यावर

उलटे टांगणे, पोट दाबणे हे प्रकार घातक आहेत. श्वास थांबला असल्यास तोंडाने कृत्रिम श्वास द्यावा व छातीवर दाब देण्यास प्रारंभ करावा. त्याच वेळी ११२ किंवा १०८ क्रमांकावर कळवावे. शुद्धीवर आलेल्यासही रुग्णालयात न्यावे, कारण फुफ्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनी उद्भवू शकतो.

२०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत मच्छीमारांच्या अपघाती मृत्यूसाठी पाच लाख रुपयांच्या विम्याची तरतूद करण्यात आली. कुटुंबाला तिचा आधार होतो. तथापि जॅकेट, दोरी आणि तासभराचा सराव यांच्या बळावर तो विमा मागण्याची वेळच टाळता येते.