कॅमेऱ्याआधीचा प्रश्न

शिरूरला इंटर्न होतो तेव्हाची गोष्ट. दौंडकडच्या एका आजींच्या पायाची जखम मी धूत होतो. नंतर बघून शिकता येईल म्हणून सोबत्याने फोन काढला, मीही मान डोलावली. आजींनी पदर तोंडावर ओढला. "डाक्टर, माझं तोंड बी येतंय का त्यात?"

आम्ही त्यांना विचारलंच नव्हतं.

ही चूक जुनी आहे. १८९८ साली पॅरिसचे सर्जन द्वायाँ यांनी स्वतःच्या शस्त्रक्रियांचं चित्रीकरण करून घेतलं आणि एडिंबरोत डॉक्टरांना दाखवलं. मागच्या बाकावरून सर्जनची पाठच दिसते, पडद्यावर मात्र हात दिसतात. फिल्म पाहून त्यांना स्वतःच्याही चुका उमगल्या.

१९०२ साली त्यांनी राडिका आणि डूडिका या ओडिशाच्या जोडलेल्या जुळ्या मुलींना वेगळं केलं. डूडिका काही दिवसांतच गेली, राडिका पुढच्या वर्षी. कॅमेरामनने परस्पर विकलेल्या फिल्मच्या प्रती जत्रांमध्ये तिकीट लावून दाखवल्या गेल्या. द्वायाँ कोर्टात गेले आणि १९०५ साली जिंकले. फिल्म कुणाची, एवढाच तो खटला होता. त्यात दिसणाऱ्या मुलींचं काय, हे कुणी विचारलं नाही.

शिरूर तालुक्यातल्याच वढू बुद्रुकला शिकवण्याची वेगळी रीत होती. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी सत्तरच्या दशकात तिथे गावातल्याच माणसांना आरोग्यसेवेचं शिक्षण दिलं. १९९३ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की इथे पेशंट म्हणजे शेजारीच. न विचारता हात लावला तर उद्या दार उघडणार नाही.

२०१९पासून एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात कौशल्य शिकण्याचा क्रम ठरला आहे: आधी दाखवलेलं बघा, मग मदत करा, मग स्वतः करा. बघण्यासाठी व्हिडिओ उत्तमच. प्रात्यक्षिक परीक्षेत नाव सांगून परवानगी घेण्यालाही गुण असतात. पण आमच्या ग्रुपवर फिरणारे बहुतेक व्हिडिओ ग्लोव्ह्ज घातल्यावरच सुरू होतात. पहिली पायरी त्यात नसतेच.

सोबत्याने तो व्हिडिओ आजींसमोरच डिलीट केला. दुसऱ्या दिवशी ड्रेसिंगला गेलो, तेव्हा आधी माझं नाव सांगितलं.

"पाय बघू का, आजी?"

"बघ की. काल कुठं इचारलंस?"